सव्वा ब्रासला तीन घनफूट वर

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात सरपण विकत घेताना पहिला प्रश्न भावाचा नसतो. "तुमची कॉर्ड केवढी?" हा असतो, आणि तो हसत विचारायचा असतो. गंभीर आवाजात विचारला तर समोरच्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं होतं. हसत विचारला की लाकूडवाला ओळखतो, बाईंनी इथे काही हिवाळे काढलेत. मग तोही सैलावतो. "माझ्या ट्रकमध्ये मावते तेवढी," म्हणतो. किंवा, "मी रचली तर पूर्ण, मेहुण्याने रचली तर जरा कमी." मेहुणा हा प्राणी जगभर सारखाच बदनाम आहे. एवढं हसून झालं की मग भाव.

कायद्याला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब थप्पी, म्हणजे १२८ घनफूट, ही एक कॉर्ड. अमेरिकेत वजनंमापं ठरवणारी जी राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या नमुना नियमांत हेही लिहिलंय की लाकडं एका दिशेला, एकमेकांना टेकवून, नीट रचलेली असावीत. पूर्वी थप्पीला दोरी लावून मोजत, म्हणून दोरीचंच नाव मापाला पडलं असं सांगतात. इथवर सगळं सरळ आहे.

पण चार फुटी ओंडका कुठल्या घरातल्या वुडस्टोव्हमध्ये जातो? तिथे लागतं साधारण सोळा इंची लाकूड. तेव्हा चार फूट उंच, आठ फूट लांब, पण जाडी एकाच लाकडाएवढी, अशी रांग रचतात. समोरून पाहिलं तर हुबेहूब कॉर्ड, बाजूने पाहिलं तर तिचा तिसरा हिस्सा. हिचं नाव फेस कॉर्ड. मी तिला तोंडदेखली कॉर्ड म्हणते. मिशिगनमध्ये आणि न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात हीच चालते, आणि तिला नुसतं 'कॉर्ड' म्हणायला पुष्कळांची जीभ अडखळत नाही. मिझुरी-ओक्लाहोमाकडे 'रिक' म्हणतात, म्हणजे एक रांग. किती जाडीची ते रचणाऱ्यावर. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत खरी १२८ घनफुटांची हवी असेल तर 'बुश कॉर्ड' मागावी लागते. आमच्याकडे 'फुल कॉर्ड' म्हणतात. 'शुद्ध तुपातली' अशी पाटी दिसली की शेजारच्या हलवायाबद्दल जसा संशय येतो, तसा 'फुल' ऐकून मला बाकीच्यांचा येतो. तीन फेस कॉर्डची एक कॉर्ड होते, असं गणित सांगतं. आमच्या शेजारचे आजोबा त्याला पुरवणी जोडतात: "तिन्ही एकाच माणसाकडून घेतल्या तर."

हे आजोबा म्हणजे कॉर्डवरच्या विनोदांचं कोठार. थप्पी कशी असावी याबद्दल इकडे एक जुनं बोलणं आहे की फटीतून उंदीर निसटावा, पण त्याच्यामागे धावणारी मांजर अडकावी. आजोबांच्या मते आमच्या लाकूडवाल्याच्या थप्पीतून उंदीर जातो, मागोमाग मांजर जाते, मांजरीमागे कुत्रं जातं आणि कुत्र्याला हाका मारत त्याचा मालकही पार होतो. राज्याच्या राजधानीचं नाव कॉन्कॉर्ड. कॉर्डचे नियम तिथे होतात आणि नावातच 'कॉन' आहे, म्हणजे ठकवणूक, हा विनोद ते दर शरद ऋतूत एकदा करतात. खरं तर इथली माणसं त्या गावाला 'काँकर्ड' म्हणतात, मग कोटी जमत नाही. त्यासाठी आजोबा तेवढ्यापुरता बाहेरच्यांसारखा उच्चार करतात.

आमच्या घरातही एक विनोद तयार झालाय. लेक गिटार शिकते, आणि तिथे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळालाही कॉर्डच म्हणतात. एकदा ती मोठ्या ऐटीत म्हणाली, "तीन कॉर्ड आल्या की अख्खं गाणं निघतं." तिचे बाबा बाहेरून लाकडांचा भारा घेऊन आत येत होते. ते म्हणाले, "आपल्याकडे तीन कॉर्ड आल्या की अख्खा हिवाळा निघतो." इंग्रजीत या दोन शब्दांचं स्पेलिंग वेगळं आहे, देवनागरीत लिहिलं की तेवढीही आडकाठी राहत नाही. तेव्हापासून सप्टेंबरमध्ये ट्रक आला की ती विचारते, "मेजर की मायनर?"

वुडस्टोव्ह आम्ही हौसेने घेतला नाही, घराबरोबर आला. आधीच्या मालकांनी तो का बसवला हे गल्लीतल्या कुणालाही विचारा, उत्तर एकच: डिसेंबर २००८. त्या महिन्यात पाऊस पडता पडताच झाडांवर आणि तारांवर गोठला, फांद्या मोडून तारांवर पडल्या आणि या छोट्याशा राज्यात चार लाखांवर ग्राहकांची वीज गेली. काहींकडे ती दोन आठवडे आली नाही. तेलावरची भट्टी असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो. त्या पंधरवड्यात ज्यांच्या अंगणात लाकूड होतं त्यांच्या घरी शेजारपाजार झोपायला होता. त्यामुळे इथे सरपण हा रोमँटिक विषय नाही. फायरप्लेससमोर वाइनचा ग्लास वगैरे चित्रं असतात ती बॉस्टनहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांची.

बॉस्टनवरून आठवलं. आमच्या घरापासून मॅसॅच्युसेट्सची हद्द गाडीने फार लांब नाही. तिथल्या कायद्याने या घोळाला आपल्या परीने उत्तर दिलं: सरपण घनफुटांत किंवा घनमीटरांत विकायचं, जाहिरातीत आणि विक्रीत 'कॉर्ड', 'फेस कॉर्ड', 'ढीग', 'ट्रकभर' हे शब्द वापरायचेच नाहीत. त्यामुळे हद्दीच्या अलीकडे जो माणूस बिनदिक्कत कॉर्ड विकतो, त्यानेच पलीकडे १२८ घनफूट विकायचं. माझी एक सहकारी तिकडे राहते. ती लाकूडवाल्याला फोन करते तेव्हा जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळत तसं कॉर्डचं नाव टाळते, आणि तोही पलीकडून "कळलं, कळलं" म्हणतो. शब्द गेला, पण माल रचायची पद्धत होती तीच राहिली.

न्यू इंग्लंडने, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या आमच्या या भागाने, माणूस नेमूनही पाहिलं होतं. इथल्या गावांत शेकडो वर्षांपासून लाकूड आणि झाडाची साल मोजणारा अधिकारी असे. साल लागे चामडं कमावायला. हे पद काही गावांत कागदोपत्री अजून आहे. कुंपणांची तपासणी करणारा, मोकाट डुकरं धरणारा, अशा पदांच्या पंक्तीत ते बसतं. डुकरं धरायचा मान गंमत म्हणून नुकतंच लग्न झालेल्या पुरुषाला द्यायची प्रथा होती. लाकूड मोजणाऱ्याची मात्र गंमत नव्हती. उघड्या फायरप्लेसच्या काळात या भागातलं एक घर वर्षाला तीस-चाळीस कॉर्ड जाळी असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पाद्रीबुवांच्या पगारात रोख रकमेबरोबर अमुक इतक्या कॉर्ड लाकूड असा करार असे. गावकरी ते आणून टाकत, आणि कोणी वाकडंतिकडं, कोणी पोकळ रचलेलं टाकत असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. देवाच्या माणसाला देताना हात आखडतो हे आपल्याला ठाऊक आहे.

या सगळ्यातली खरी गोम मला समजावली ती अण्णांनी, माझ्या वडिलांनी. ते कराडकडचे. उभा जन्म रस्त्यांच्या कामांची ठेकेदारी केली. एका सप्टेंबरात ते आमच्याकडे राहायला आले होते, आणि मी सहज म्हटलं की उद्या दोन कॉर्ड लाकूड येणार आहे.

"कॉर्ड म्हणजे?"

"एकशे अठ्ठावीस घनफूट."

त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "म्हणजे सव्वा ब्रासला तीन घनफूट वर. दोनच्या अडीच ब्रास आणि सहा घनफूट. एवढं लागतं तुम्हाला?"

ज्यांनी कधी घर बांधलंय त्यांना ब्रास सांगायला नको. वाळू, खडी, दगड, मुरूम हे सगळं आपल्याकडे ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशोबात. आणि ज्यांनी घर बांधलंय त्यांना हेही माहीत असतं की दारात पडलेला ब्रास आणि पावतीवरचा ब्रास यांची गाठ क्वचित पडते.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. लाकूडवाला मागचा हौदा उचलून माल अंगणात ओतणार, तोच अण्णा पुढे झाले आणि त्यांनी हात वर केला. खिशातून टेप काढला. हौद्याची लांबी, रुंदी, उंची घेतली, वरच्या शिगेकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि मग "हां, टाक" अशी खूण केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाकूडवाला माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं, हे रस्ते बांधायचे. त्याचा चेहरा एकदम उजळला. "मग त्यांना माहीत असणार," तो म्हणाला, "हवा कुठे असते ते."

अण्णांचं इंग्रजी कामापुरतं, पण या विषयाला ते पुरतं. त्यांनी त्याला ओल्या वाळूची गोष्ट सांगितली. कोरड्या वाळूवर थोडं पाणी मारलं की ती फुगते; कणांभोवती ओल बसते आणि कण एकमेकांपासून लांब सरकतात. तेवढीच वाळू चांगली पाव हिश्शाने जास्त जागा व्यापते. पूर्ण बुडेपर्यंत पाणी घातलं तर पुन्हा मूळ आकारावर येते. म्हणून शहाणा वाळूवाला पाणी मारतो, पण बेताचं. "टू मच वॉटर, नो प्रॉफिट," अण्णा म्हणाले, आणि लाकूडवाला ट्रकला हात टेकून हसत राहिला. मग त्याने आपलं सांगितलं: फोडलेलं लाकूड ट्रकमध्ये नुसतं भिरकावलं की फुगतं, रचलं की बसतं. गाठीचं, वाकडं लाकूड रचलं तरी बसत नाही. शेजारच्या मेन राज्यात यासाठी कायद्यातच तरतूद आहे. बारा ते सोळा इंची लाकूड सैल ओतून विकलं तर एक कॉर्ड १८० घनफुटांची धरतात, चोवीस इंची असेल तर १९५ ची.

अण्णांना हा आकडा फार आवडला. "बावन्न घनफूट हवा सरकारने मान्य केली की!" ते रात्री जेवताना म्हणाले. आपल्याकडच्या खडीच्या ढिगांवरची भांडणं त्यांना आठवत होती. साहेब ढीग मोजणार, पोकळीची वजावट धरणार. वजावट किती यावर ठेकेदार आणि साहेब यांच्यात जे काही व्हायचं ते व्हायचं. शिवाय रचलेली कॉर्डसुद्धा काही भरीव नसते. १२८ घनफुटांच्या नीट थप्पीत नुसतं लाकूड ऐंशी-नव्वद घनफूट निघतं. उरलेला जवळजवळ तिसरा हिस्सा हवाच, आणि तिच्यासकट भाव ठरलेला.

मी विचारलं, मग वजनावर का विकत नाहीत? गावाकडे वखारीत तर काटा असायचा. बंबासाठी सरपण आणायला आम्हाला पाठवायचे तेव्हा वखारवाला मोठ्या तराजूत ओंडके टाकायचा.

"आणि पावसाळ्यात?" अण्णा म्हणाले.

पावसाळ्यात तोच मण दिवसभरही पुरत नसे आणि घरभर धूर व्हायचा. ओकच्या ताज्या तोडलेल्या लाकडाची एक कॉर्ड दोन टनांहून जास्त भरते आणि वाळल्यावर त्यातलं कित्येक शे किलो पाणी उडून गेलेलं असतं. वजनावर घेतलं तर पाणी विकत घ्यायचं, मापावर घेतलं तर हवा. आपल्या वखारवाल्याने एक निवडलं, इथल्याने दुसरं. वाळलेल्या लाकडातही पुन्हा पोटभेद आहेत. जाहिरातीत 'सीझन्ड' लिहिलेलं असतं, म्हणजे ऋतू पाहिलेलं. किती ऋतू ते विचारायचं असतं. ओकला दोन वर्षं लागतात आणि विकणारा कधी कधी एकाच उन्हाळ्याला ऋतू म्हणतो. ओलं लाकूड जाळलं की धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि एखाद्या रात्री तो पेट घेतो, तेव्हा हा विनोद तिथेच थांबतो.

जर्मन लोकांनी हवेला सरळ नावंच दिली आहेत. भरीव लाकडाचा घनमीटर वेगळा, रचलेल्या थप्पीचा वेगळा आणि नुसता ओतलेल्या ढिगाचा वेगळा, अशी तीन मापं तिकडच्या सरपणवाल्यांच्या दरपत्रकात शेजारी शेजारी असतात. भरीव एक म्हणजे रचलेले साधारण दीड धरतात, आणि ओतलेले त्याहून जास्त. उत्तम व्यवस्था आहे. अण्णांना ती ऐकवली तेव्हा ते म्हणाले, "मग ते लोक बोलतात काय एकमेकांशी?"

मी आधी हा प्रश्न हसण्यावारी नेला. आता वाटतं त्यांनी नेमकं बोट ठेवलं होतं. आपल्याकडे खंडी होतीच की. वीस मणांची खंडी, पण मण कुठला ते गावावर. धान्याची वेगळी, कापसाची वेगळी. कापसाची अजूनही बाजारात ३५६ किलोंची चालते. दशमान पद्धत येऊन साठाहून जास्त वर्षं झाली, तरी माणसं खंडीभर कामं आणि खंडीभर पाहुणे यातून बाहेर आलेली नाहीत. अशी सैल मापं चालतात, कारण त्यांच्यासोबत बोलाचाली येते. लाकूडवाल्याची कॉर्ड मला रचल्याशिवाय मोजता येत नाही, आणि रचेपर्यंत तो पैसे घेऊन गेलेला असतो. मधल्या वेळात माझ्याकडे त्याला जोखायला दुसरं काही नाही, तो कसा हसतो तेवढंच. "मेहुण्याने रचली तर जरा कमी" म्हणणारा माणूस थोडी कमी देईल, पण निम्मी देणार नाही. अगदी गंभीरपणे "एकशे अठ्ठावीस, मॅडम, एक इंच कमी नाही" म्हणणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. आजोबांचा हाच अनुभव आहे.

त्या वेळची थप्पी अण्णांनी स्वतः रचली, उंदीर अडकेल अशी. अडीच ब्रासच्या खुणेला ती पोहोचली नाही. खाली राहिली, पण लाज वाटावी एवढी नाही. "ठीक आहे," ते हात झटकत म्हणाले, "धंदा करणारा आहे, दरोडेखोर नाही." पुढच्या खेपेला लाकूडवाल्याने न सांगता थोडी ओंजळ जास्त टाकली आणि विचारलं, "इंजिनिअर आहेत का घरी?"

सगळ्यात चोख माप मिळतं पेट्रोल पंपावर. तिथे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या छोट्या मोळ्या असतात, तंबू ठोकणाऱ्या हौशी मंडळींसाठी. वर स्पष्ट छापलेलं असतं, ०.७५ घनफूट. मी एकदा उभ्या उभ्या हिशोब केला. एका कॉर्डला अशा १७० मोळ्या. सहा-सात डॉलरला एक धरली तरी हजार डॉलरच्या वर जातं. तेवढ्यात आमचा मेहुणेवाला दोन कॉर्ड टाकून वर हवामानाचा अंदाजही सांगेल. हद्दीपलीकडून येणाऱ्यांना मात्र या मोळ्या घ्याव्याच लागतात, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रक्रिया न केलेलं सरपण इथे आणायला बंदी आहे. ॲश वृक्ष पोखरणारी हिरवी कीड लाकडाबरोबर प्रवास करते. तिला फुल कॉर्ड आणि फेस कॉर्डमधला फरक कळत नाही.

यंदा आजोबांनी वुडस्टोव्ह काढून पेलेटची शेगडी बसवली. भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, चाळीस पौंडांची पिशवी, पन्नास पिशव्यांचा एक टन. पाठ दुखते, लाकूड उचलवत नाही, असं त्यांनी सांगितलं. ट्रक आला, पन्नास पिशव्या उतरल्या, सही झाली, ट्रक गेला. आजोबा म्हणाले, चालकाशी बोलायला काही सुचलंच नाही.

त्या रविवारी फोनवर मी हे अण्णांना सांगितलं. ते दुपारच्या झोपेतून नुकतेच उठले होते.

"पन्नास गुणिले चाळीस. दोन हजार पौंड," ते म्हणाले. "म्हणजे नऊशे सात किलो. हा कसला टन? आपला हजार किलोचा. इंग्रजांचा तर बावीसशे चाळीस पौंडांचा होता."

"इथे हाच टन चालतो, अण्णा."

"चालू दे. त्र्याण्णव किलो कमी पडतात. भाव करताना बोलले का आजोबा त्याला?"

"नाही हो."

"मग त्यांना सांग, पुढच्या वेळी विचारायचं. हसत हसत विचारायचं म्हणावं, 'टन केवढा तुमचा?'"